सूर्यापुढचा काजवा

भर उन्हात फ्लॅश मारणारा फोटोवाला दिसला की हसणारी एक जमात आहे. कॅमेरा क्लबांत ती आढळते, छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षक मंडळांत आढळते, आणि आमच्या गोव्यात शिगम्याच्या मिरवणुकीत गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून फिरतानाही आढळते. ‘सूर्यापुढे काजवा’ हा वाक्प्रचार या मंडळींच्या ओठांवर तयारच असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. कित्येक वर्षे मी स्वतः या जमातीचा सभासद होतो आणि हसण्यात कोणाच्या मागे नव्हतो. माझे हसू कसे थांबले ते आधी सांगतो. मग भांडायला बसू.

२००७ सालचा डिसेंबर. माझ्या एका जुन्या मित्राच्या धाकट्या भावाचे लग्न होते, सौंसर तालुक्यातल्या एका खेड्यात. मडगावहून मुंबई, मुंबईहून नागपूर, आणि तिथून जीपने सौंसर असा प्रवास करून मी पोहोचलो. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके नकाशात मध्य प्रदेशात आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेची ही मराठी बोलणारी गावे त्याच्याबरोबर राहिली. पुढे २०२३ साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. दुकानाची पाटी हिंदीत, शाळेचे पुस्तक हिंदीत, आणि चुलीपाशी, बांधावर, भांडणात मराठी. मराठी घरची असते पण कचेरीची नसते म्हणजे काय, हे आम्हा गोमंतकीयांना कुणी समजावून सांगायला नको. मला तिथे पहिल्या तासातच घरच्यासारखे वाटले.

मित्राच्या वडिलांना सारे गाव ‘आबाजी’ म्हणत असे. वय सत्तरीच्या पुढे, रंग काळाभोर, अंगात पांढरा सदरा, पांढरे धोतर, डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. संत्र्याचा आंबिया बहार झाडांवर होता, तोडणी चालू होती, आणि आबाजी लग्नघर सोडून दिवसभर बगिच्यात. मी त्यांच्या मागेमागे. हातात नवा कोरा डिजिटल एसएलआर. दोन दिवसांत मी त्यांची चाळीसएक छायाचित्रे काढली. दुपारचे ऊन, गर्द हिरवी पाने, केशरी फळे आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतला काळा म्हातारा. कॅमेऱ्याच्या माथ्यावर छोटा फ्लॅश बसवलेलाच होता. बटण दाबले की टुणकन वर यायचा. मी ते बटण एकदाही दाबले नाही. नैसर्गिक प्रकाशाचे व्रत होते ना माझे!

लग्नाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सौंसरचा एक वयस्क फोटोवाला आला. पोटाशी धरून वरून पाहायचा दोन भिंगांचा याशिका, आणि बाजूला ताटलीएवढ्या वाटीचा भला मोठा फ्लॅश. अंगणात चाळीस माणसे ओळीने उभी केली आणि उन्हाकडे पाठ करायला लावली. मी मित्राच्या कानात म्हणालो, ‘‘याला सांग रे, सूर्य त्या बाजूला आहे.’’ मग त्याने भर दुपारी फ्लॅश उडवला, आणि मी हसलो. त्याने ते पाहिले. शांतपणे फिल्म गुंडाळत तो म्हणाला, ‘‘ऊन तं सगळ्यायले भेटते जी. चेहऱ्यावरचं ऊन आपल्याले द्या लागते.’’ मी ते वाक्य गंमत म्हणून गोव्यात येऊन दोघा-तिघांना सांगितलेही.

माझ्या त्या चाळीसांपैकी एका छायाचित्राला पुढच्या वर्षी एका स्पर्धेत प्रशस्तिपत्र मिळाले. पानांतून येणारे किरण, त्यापुढे आबाजींची काळी आकृती. परीक्षकांनी ‘प्रकाशाची उत्तम जाण’ असे शब्द वापरले. सगळी छायाचित्रे सीडीवर घालून मी सौंसरला पाठवली आणि विसरून गेलो.

२०१० साली आबाजी गेले. चौथ्या दिवशी मित्राचा फोन आला. भिंतीवर लावायला, हार घालायला एक फोटो हवा होता. तुझ्याकडे खूप आहेत, मोठ्या फाइली आहेत, त्यातला एक चांगला निवडून दे, म्हणाला. मी संगणकावर त्या चाळीस फाइली एकेक करून उघडल्या. संत्री दिसत होती, पाने दिसत होती, सदऱ्याची शिवण दिसत होती. दुपट्ट्याखाली मात्र एक काळा डाग. कपाळ नाही, गाल नाहीत, डोळे तर नाहीतच. सावली उजळण्याचा प्रयत्न केला तर काळ्यातून बाहेर आली ती नुसती रंगीत वाळू. मित्राच्या घरीही त्यांनी सीडी लावून पाहिली होती. त्याची पुतणी फोनवर आली आणि निरागसपणे म्हणाली, ‘‘काका, झाडं तं मस्त दिसून राह्यले, पण आबाजी कोठी हायेत?’’

शेवटी भिंतीवर गेला तो सौंसरच्या त्या फोटोवाल्याचा फोटो. चाळीस जणांच्या समूहातून आबाजींचा चेहरा वेगळा काढून मोठा केलेला. सुरकुत्या आहेत, मिशी आहे, आणि दोन्ही डोळ्यांत फ्लॅशचा एकेक पांढरा ठिपका. जिवंत माणसाच्या डोळ्यांत असतो तसा.

तर हे झाले माझे प्रायश्चित्त. आता भांडण.

नैसर्गिक प्रकाशवाद्यांचा मुख्य मुद्दा असा की फ्लॅश हा खोटा प्रकाश; जे होते तेच टिपावे. ठीक. पण मला सांगा, आबाजींसमोर मी उभा होतो तेव्हा मला त्यांचे डोळे दिसत होते की नव्हते? अर्थातच दिसत होते. मी त्यांच्याशी बोलत होतो, ते हसत होते, हसताना डोळ्यांच्या कडा आकसत होत्या. माणसाचा डोळा उन्हातून सावलीकडे वळला की क्षणात जुळवून घेतो, आणि मेंदू त्या दोन्हींचे मिळून एक दृश्य बांधतो. कॅमेरा तसे करत नाही. त्याला एकच उघडीप आणि एकच वेळ माहीत. दुपारच्या उन्हातला सदरा आणि दुपट्ट्याच्या सावलीतला चेहरा यांत तीन ते चार स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे आठ ते सोळा पट. त्यात सदरा पांढरा आणि कातडी काळी, म्हणजे अंतर आणखी वाढले. पांढरे फुटू नये म्हणून कॅमेरा उजेड कमी घेतो आणि चेहरा अंधारात बुडतो. मग ‘जे होते ते’ कोणते? मी पाहिले ते, की कॅमेऱ्याला झेपले ते? यंत्राच्या तोकडेपणाला सत्य म्हणायचे आणि तो तोकडेपणा भरून काढणाऱ्या दिव्याला खोटे म्हणायचे, हा कुठला न्याय?

चित्रकारांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. आमचे सांग्याचे अँतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरियेंतच्या संग्रहात आहेत, जाऊन पाहा. सावळ्या चेहऱ्याची सावलीकडची बाजू नीट बघा. ती काळी नाही. तिथे तांबूस आहे, तपकिरी आहे, कुठून तरी परतून आलेला उजेड आहे. त्रिंदादांनी सावलीत रंग भरला म्हणून त्यांना कुणी खोटारडे म्हटले नाही. सिनेमाचेही तसेच. बाह्यचित्रणात नटाच्या तोंडावर रुपेरी रिफ्लेक्टर धरलेला असतो, आणि ते पाहून कुणी थिएटरातून उठून जात नाही. मग छायाचित्रकाराने त्याच जागी फ्लॅशचा थोडासा उजेड टाकला तर पाप कसे होते?

दुसरा मुद्दा थोरामोठ्यांच्या नावाचा. हान्री कार्तिए-ब्रेसाँने फ्लॅश वर्ज्य मानला होता. प्रत्यक्षात असलेल्या प्रकाशाचा मान राखावा म्हणून फ्लॅश नको, अशी भूमिका त्याने आपल्या १९५२ च्या पुस्तकात मांडली. मोठा माणूस, त्याच्याबद्दल आदरच आहे. पण मोठ्या माणसाचा नियम उचलताना त्याचे आकाशही उचलून आणता येते का ते पाहावे. पॅरिसमध्ये सूर्य वर्षातून एकदाही डोक्यावर येत नाही. ढगाळ दिवशी तिथले अख्खे आकाश एका मोठ्या पांढऱ्या चादरीसारखे सावल्यांत उजेड ओतत असते. सौंसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, गोवा तर आणखी खाली. आमच्याकडे सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो, आणि एरवीही दुपारी त्याच्या आसपासच असतो. वरून पडणारे ऊन कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडते, डोळ्यांच्या खोबणीत मात्र काळोख. गोव्याच्या किनाऱ्यावर निदान वाळू खालून थोडा उजेड परत देते, चुन्याची भिंत देते. पांढुर्ण्याकडची काळी माती काय परत देणार? ती आलेला उजेड गिळून टाकते. त्या मातीत उभ्या असलेल्या काळ्या माणसाचा ‘नैसर्गिक प्रकाशात’ फोटो काढणे म्हणजे त्याचा चेहरा न काढण्याचा पक्का बंदोबस्त करणे.

आणि रंगाचे नाव काढलेच आहे तर पुढचेही बोलून टाकू. कॅमेऱ्याचे तंत्र आपल्या कातडीकडे पाहून घडलेले नाही. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचे चित्र असायचे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखले जाते. त्या बाईची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले, असे गणित. काळ्या माणसांच्या चेहऱ्यातले बारकावे हरवतात याकडे फार काळ दुर्लक्ष झाले. पुढे गडद लाकडाचे फर्निचर आणि चॉकलेटच्या छटा फिल्मवर नीट उतरत नाहीत अशी त्या धंद्यांतली तक्रार आली, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली, असे त्या कंपनीत काम केलेल्या माणसांनीच सांगितले आहे. थेट २०२१ साली गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये काळ्या-सावळ्या कातडीसाठी वेगळी सुधारणा केल्याचा गाजावाजा केला. म्हणजे इतकी वर्षे काय चालले होते ते ओळखा. जे यंत्र आपल्याला अंधारात ठेवण्याच्या सवयीत वाढले, त्याच्या हवाली आपला चेहरा करायचा आणि वर त्याला कलेचे व्रत म्हणायचे! मला हे आता जमत नाही.

आता गोटमारीबद्दल. पांढुर्ण्याचे नाव गोव्यात कुणी ऐकले असेलच तर ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भात जेव्हा पोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात त्याच दिवशी, जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक उभे राहतात. नदीत पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा. तो मिळवण्यासाठी दोन्हींकडून दगडफेक. एका गावचा मुलगा आणि दुसऱ्या गावची मुलगी पळून जाताना नदीतच मारली गेली, अशी कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही वर्षी मेलीही आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक दगडांकडेच परतले. ही दगडफेक थांबली पाहिजे असे माझे स्वच्छ मत आहे, आणि ते मी पांढुर्ण्यात बसूनही बोललो आहे.

पण गोटमारीची वर्तमानपत्रांत येणारी छायाचित्रे आठवून पाहा. दूरच्या गच्चीवरून किंवा उंचावरून लांब भिंगाने घेतलेली. चकाकते पाणी, उगारलेले हात, काळ्या आकृत्या. चेहरा एकाचाही नाही. पाहणारा म्हणतो, ‘काय रानटी लोक आहेत!’ आणि पान उलटतो. बिनचेहऱ्याच्या माणसाला रानटी म्हणायला काही लागत नाही. त्याच काठावर सकाळी उभे राहा. पळसाला नारळ वाहायला आलेली म्हातारी, भावाला ‘पुढे जाऊ नको’ म्हणून दटावणारी बहीण, मिसरूडही न फुटलेला पोरगा. यांच्यापासून दोन मीटरवर उभे राहून, त्यांना सांगून, त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड टाकून फोटो काढा. दुपारी डोक्याला पट्टी बांधलेल्या त्याच पोराचा काढा. हे दोन फोटो शेजारी छापले तर दगडफेकीविरुद्ध माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल. कारण मग पाहणाऱ्याला ‘रानटी लोक’ दिसणार नाहीत, कुणाचा तरी सोळा वर्षांचा मुलगा दिसेल.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथेच आहे. फ्लॅशचा उजेड लांब जात नाही. अंतर दुप्पट झाले की तो चौथाईवर येतो. त्याचे गणित सोपे आहे: फ्लॅशचा मार्गदर्शक अंक भागिले छिद्राचा आकडा, की मीटरमध्ये अंतर मिळते. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला १/१२५ सेकंद आणि एफ १६, किंवा १/२५० आणि एफ ११, हा जुना हिशेब. कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा अंक १२ च्या आसपास असतो. एफ ११ ला तो साधारण एका मीटरवर उन्हाची बरोबरी करतो. पण बरोबरी करायचीच नाही. पूरक उजेड उन्हापेक्षा एक ते दोन स्टॉप कमी हवा, म्हणजे सावली सावलीच राहते, फक्त तिच्यात माणूस दिसू लागतो. दोन स्टॉप कमी धरले तर हाच छोटा फ्लॅश दोन मीटरच्या थोडा पुढे पोहोचतो. २८ अंकाचा वेगळा फ्लॅश लावला तर पाच मीटर. बस. त्यापलीकडे या काजव्याची हद्द संपते.

म्हणजे फ्लॅश वापरायचा तर जवळ जावे लागते. जवळ गेले की बोलावे लागते. आणि एकदा फ्लॅश उडाला की फोटो काढल्याचे लपत नाही. लांब भिंगवाला शंभर पावलांवरून कुणाचा चेहरा उचलून नेऊ शकतो, नेताना त्या माणसाला पत्ताही लागत नाही. फ्लॅशवाल्याला चोरी करताच येत नाही. ‘मी इथे आहे, तुमचा फोटो घेतो आहे, नको असेल तर आत्ताच सांगा’ हे त्याचा दिवाच बोलतो. नैसर्गिक प्रकाशाच्या नावाखाली आम्ही जे सोवळे पाळतो त्यातले अर्धे सोवळे माणसाशी बोलावे लागू नये यासाठीच असते, अशी मला दाट शंका आहे. माझ्या बाबतीत तरी होते. आबाजींच्या मागे मी दोन दिवस फिरलो, पण ‘जरा इकडे बघा हो’ एवढे एकदाही म्हणालो नाही. कलाकाराला कसे शोभेल!

काही आक्षेप उरतात, त्यांनाही उत्तर देतो.

‘पहाटे किंवा संध्याकाळी काढा, सोनेरी प्रकाशात.’ जरूर काढा. पण संत्र्याची तोडणी दुपारी चालते, दगड दुपारी उडतात, लग्नाचा मुहूर्त भटजींच्या हातात. सोनेरी वेळ सुट्टीवर आलेल्याची. कष्ट करणाऱ्याची वेळ दुपार आहे. फक्त सकाळ-संध्याकाळचे फोटो काढायचे ठरवले तर माणसे आपल्याला कायम रिकामी बसलेली सापडतील.

‘आता फोनच सगळे करतो.’ करतो खरा. कमी-अधिक उजेडाच्या अनेक चौकटी घेऊन त्या एकत्र शिवतो. माझ्या त्या चाळीस फाइलींपेक्षा निकाल बरा येतो हे मान्य. पण सावली वर ओढणे आणि सावलीत उजेड टाकणे यांत फरक आहे. ओढलेल्या सावलीत चेहरा राखेसारखा सपाट दिसतो, आणि डोळ्यांत तो पांढरा ठिपका येत नाही. शिवाय फोनच्या पाठीवरचा इवलासा दिवा भर उन्हात जवळजवळ निरुपयोगी, तो खराच सूर्यापुढचा काजवा. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी माणसाला थोडे वळवावे, पांढऱ्या भिंतीपाशी, पसरलेल्या धोतरापाशी उभे करावे. तो परतलेला उजेड हाही फिल-इनच. माझे भांडण दिव्यासाठी नाही, चेहऱ्यासाठी आहे.

‘फ्लॅशने चेहरे भेसूर दिसतात.’ बेतालपणे मारला तर दिसतातच. मार्टिन पार या इंग्रज छायाचित्रकाराने ‘द लास्ट रिसॉर्ट’ या १९८६ च्या पुस्तकात भर दिवसा फ्लॅश वापरला. माणसांची टिंगल केली असा आरोप त्याच्यावर झाला. दिवा तोच, हात सैल सोडला की टिंगल दिसते, आवरता ठेवला की माया दिसते. मीठ जास्त पडले म्हणून कुणी जन्मभर अळणी जेवत नाही.

आणि फ्लॅश कुठे नको हेही सांगून ठेवतो. पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या बैलाच्या तोंडावर मारू नका. बैल बुजला तर पोराबाळांच्या अंगावर जाईल. देवळात मनाई असेल तर मनाई पाळा. रडणाऱ्या माणसावर मारू नका, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर मारू नका. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात फ्लॅशचा उजेड निळसर दिसतो. तेव्हा त्याच्या काचेवर फिकट केशरी जिलेटिनचा तुकडा लावा. याशिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी शटरवेगाची मर्यादा असते, १/२०० किंवा १/२५० च्या आसपास. ती ओलांडली तर, वेगवान जुळणीची सोय नसल्यास, अर्धी चौकट काळी येते. सौंसरच्या फोटोवाल्याच्या जुन्या याशिकाला ही अडचण नव्हती. त्याचे शटर भिंगातच असल्यामुळे १/५०० लाही फ्लॅश जुळायचा. म्हणून तर एफ ८ उघडून तो सहा मीटरवरच्या चाळीस माणसांपर्यंत उजेड पोहोचवू शकला. पाठ उन्हाकडे, म्हणजे डोळे मिचकावायचे नाहीत. चेहरा सावलीत, म्हणजे फ्लॅशने भरायचा. तो हे सगळे जाणून करत होता. अडाणी मी होतो.

आमच्या गोव्यातही हे रोजचे आहे. सांजावला डोक्यावर पानाफुलांची कोपेल घातलेली पोरे विहिरीत उड्या मारतात. फोटोत हिरवी कोपेल झकास येते आणि खाली तोंडाच्या जागी काळोख. शिगम्यातल्या फेट्यांखाली तेच, रापण ओढणाऱ्या रांपणकारांचे तेच. आम्ही त्या फोटोंना ‘लोकसंस्कृती’ असे नाव देऊन भिंतीवर टांगतो. लोक कुठे आहेत त्यात? संस्कृतीचे कपडे तेवढे आहेत.

२०१३ साली मी पुन्हा सौंसरला गेलो. ओसरीवर आबाजींचा तो फोटो होता, त्याला चंदनाच्या सालीचा हार. मित्राच्या आईला मी बगिच्यात नेले, संत्र्याच्या झाडाखाली उभी केली, दीड मीटरवर उभा राहिलो आणि कॅमेऱ्यावरचे ते बटण दाबले. फ्लॅश उडाला तशी ती म्हणाली, ‘‘भर उन्हात लाइट काऊन लावतं बाप्पा?’’ मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला. पदराच्या सावलीतले स्वतःचे डोळे तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, ‘‘यायचा असा एखांदा काढाचा होता.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

असो. नैसर्गिक प्रकाशाच्या उपासकांनी खुशाल हसावे, मीही हसत होतो. एवढेच करा: गेल्या वर्षभरात उन्हात काढलेले माणसांचे फोटो काढून बसा, आणि त्यातल्या किती जणांचे डोळे दिसतात ते मोजा. आकडा पुरेसा वाटला तर काजव्याला हसा. नाहीतर बटण कॅमेऱ्यावरच आहे.